वाढत्या अंगाची काठी

आमच्या आईने शाळेच्या गणवेशाचा फ्रॉक कधी आमच्या मापाने शिवून घेतल्याचे मला आठवत नाही. दांडिया बाजारातल्या शिंप्याला ती दर जूनमध्ये एकच गोष्ट बजावत असे, "वाढत्या अंगाचा शिवा." त्यामुळे पहिले वर्ष फ्रॉक ढगळ, दुसरे वर्ष बरोबर, आणि तिसऱ्या वर्षी खालची दुमड उसवलेली व तिची जुनी रेघ सगळ्या वर्गाला दिसणारी, असा आमचा क्रम होता. चार भावंडांच्या घरात ती काटकसर योग्यच होती, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु वडोदऱ्याच्या शाळांत एकतीस वर्षे व्यायामशिक्षिका म्हणून काम केल्यावर, आणि निवृत्तीनंतर मंडळाच्या मैदानावर लहान मुलांचा खो-खोचा वर्ग चालवीत असताना, आपण मुलांच्या हाती खेळसुद्धा वाढत्या अंगाचाच देत आलो आहोत, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती डब्लिनजवळच्या एका ओल्या मैदानाच्या कडेला छत्री धरून उभी असताना.

माझी लेक आणि जावई तिकडे नोकरीला असतात. गेल्या वर्षी मे आणि जून हे दोन महिने मी त्यांच्याकडे होते. नातू तेव्हा नुकताच पाच वर्षांचा झाला होता, आणि दर शनिवारी सकाळी दहा वाजता त्याला वस्तीतल्या गेलिक खेळांच्या क्लबात नेण्याचे काम, जावयाला उशिरापर्यंत झोपण्याची मुभा मिळावी म्हणून, मी आपण होऊन मागून घेतले होते. पहिल्या शनिवारी मला वाटले होते की फुटबॉलच असेल. तिथे गेल्यावर पाहिले, तर निम्मी मुले डोक्यावर जाळीचे शिरस्त्राण घालून हातात हॉकीसारख्या, पण टोकाला चपट्या आणि रुंद, काठ्या घेऊन धावत होती.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. आयर्लंडमध्ये हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे दोन मोठे देशी खेळ आहेत. दोहोंत प्रत्येक संघाचे पंधरा खेळाडू असतात, गोलाचे खांब इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे असतात, आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर तीन गुण आणि दांडीवरून गेला तर सहसा एक गुण मिळतो. फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरता येतो, मात्र दर चार पावलांच्या आत तो जमिनीवर आपटावा तरी लागतो किंवा पायाच्या बोटांवरून परत हातात उडवावा लागतो. हर्लिंगमध्ये हर्ली नावाच्या काठीने लहान चामडी चेंडू मारतात, त्याला स्लिटर म्हणतात. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा तो हलका असतो, सुमारे ११० ते १२० ग्रॅम, आणि त्याच्या शिवणी उंच उठलेल्या असतात. आयरिश भाषेत काठीचा शब्द ‘कमॉन’ असा ऐकू येतो आणि तो ‘वाकडे’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. आपली कमान फारसीतून आली, तेव्हा दोघींचे नाते मुळीच नाही. तरी नातवाच्या तोंडून तो शब्द ऐकताना दर वेळी मला दारावरची कमानच दिसत असे.

या खेळांची संघटना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली, आणि तिच्यामागे मायकल क्युसॅक नावाचे एक शिक्षक होते. ब्रिटिश अमलाखाली मागे पडत चाललेल्या गावठी खेळांना नियम बांधून द्यावेत, हा हेतू होता. वडोदऱ्याच्या माणसाला या कथेत परके काहीच वाटू नये. आमच्या गावात जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा तितकीच जुनी आहे, आणि १९२३ मध्ये हुतूतूच्या नियमांची घडी बसवून अखिल भारतीय सामने भरवले गेले ते इथेच, हिंद विजय जिमखान्यात. नियम बांधण्याचे काम दोन्हीकडे मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी केले. फरक त्यानंतर पडला. त्यांनी पुढे केव्हातरी ते नियम पुन्हा उसवून लहान मुलांच्या मापाने शिवले. आपण मात्र तोच अंगरखा सहा वर्षांच्या पोराला घातला आणि बाह्या दुमडून दिल्या.

त्या शनिवारच्या वर्गाला तिथे ‘नर्सरी’ म्हणतात. शिकवणारे सगळे त्याच वस्तीतले आईबाप, बिनपगारी. यात नवल असे नाही की डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये, जिथे ८२,३०० प्रेक्षक बसतात, तिथे अंतिम सामना खेळणारे खेळाडूही मानधनाशिवाय खेळतात आणि सोमवारी आपापल्या नोकरीवर हजर होतात. नातवाच्या गटात बारा मुले होती, मुली आणि मुलगे एकत्र. मोठे मैदान १३० मीटरांहून लांब असते. त्याच्या एका कोपऱ्यात रंगीत शंकू मांडून आमच्या सोसायटीच्या वाहनतळाएवढे चौकोन केले होते, आणि प्रत्येक चौकोनात काहीतरी वेगळे चालले होते. एकीकडे काठीच्या चपट्या टोकावर वाळूची छोटी पिशवी ठेवून ती न पाडता पलीकडच्या शंकूपर्यंत न्यायची. हा आपला लिंबू-चमचाच, फक्त चमचा तोंडात नाही. पुढे हीच मुले चेंडू काठीवर तोलत धावायला शिकतात, त्याची ही पहिली पायरी. दुसरीकडे चेंडू जमिनीवरून सरपटत ढकलायचा, उचलायचा नाही. तिसरीकडे शिकवणारी बाई मागे एक फडके खोचून पळत होती आणि सगळी मुले ते ओढण्यासाठी तिच्या मागे.

माझे लक्ष मात्र एका गोष्टीकडे सारखे जात होते: रांग कुठेच नव्हती. बारा मुले आणि बारा चेंडू. मला सवयीने मोजण्याची खोड आहे, म्हणून मी नातवाच्या काठीचा चेंडूला किती वेळा स्पर्श होतो ते मोजू लागले, आणि दीडशेच्या पुढे गेल्यावर तासाच्या आतच मोजणे सोडून दिले. त्यातले निम्म्याहून अधिक फटके हुकलेले, वेडेवाकडे, एक तर शेजारच्या मुलीच्या बुटावर बसलेला; पण दीडशे वेळा त्या मुलाने काहीतरी केले होते.

चेंडूही मोठ्यांचा नव्हता. अगदी लहानांना मऊ आणि हलका, नऊ-दहा वर्षांच्यांना जरा कठीण, आणि त्यानंतर खऱ्याच्या जवळचा, अशी पायरी ठरलेली आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जे छोटे सामने होतात, त्यांत संघ लहान, मैदान लहान, आलेल्या प्रत्येक मुलाला पूर्ण वेळ खेळायला मिळालेच पाहिजे असा दंडक, आणि गुणतक्ता, करंडक, अंतिम सामना यांपैकी काही नाही. गुण न मोजण्याचा हा नियम खरे तर मोठ्यांसाठी आहे, असे माझे मत झाले. मुले मोजतातच. घरी येताना गाडीत नातू मला दर शनिवारी न चुकता सांगे, "आजी, आम्ही जिंकलो." कोणाविरुद्ध, ते त्याला सांगता येत नसे.

काठीची गोष्ट तिसऱ्या आठवड्यातली. नातवाकडे शेजाऱ्यांच्या थोरल्या मुलाची जुनी काठी होती. ती त्याच्या बरगडीपर्यंत येई, आणि ती पेलताना तो दोन्ही हात मध्यभागी धरून, झाडू मारल्यासारखा, चेंडूवर चाल करून जाई. शिकवणाऱ्या गृहस्थांनी त्याला सरळ उभे केले, काठी त्याच्या पायाशेजारी जमिनीवर टेकवली आणि तिचे वरचे टोक कुठे येते ते मला दाखवले. ते कमरेच्या हाडाशी यायला हवे, त्याहून वर नाही. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले की मूल वाढेल, पुढच्या वर्षी हीच उपयोगी पडेल. ते हसले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी तो येणारच नाही. जड काठीने त्याचा चेंडू लागणार नाही, आणि चेंडू न लागणारे मूल फार दिवस येत नाही. मग क्लबाच्या खोलीतून त्यांनी एक आखूड काठी काढून दिली. मी ती हातात घेतली तेव्हा आमच्या आईचा शिंपी डोळ्यांपुढे उभा राहिला.

जुलैत मी परत आले ती सामानात चार खरे स्लिटर, दोन मऊ चेंडू आणि एक आखूड हर्ली घेऊन. इथे हर्लिंगचे संघ उभे करावेत असा माझा विचार नव्हता आणि आजही नाही. पण रविवारच्या सकाळच्या वर्गात पहिला अर्धा तास हा खेळ द्यावा आणि काय होते ते पाहावे, एवढे मनात होते. मंडळाच्या मंडळींनी फारशी कुरकुर न करता परवानगी दिली.

पहिली अडचण आली ती क्रिकेटची. वडोदऱ्याच्या मुलाच्या हातात कोणतीही काठी द्या, ती बॅट होते. उजव्या हाताचे मूल डावा हात वर आणि उजवा खाली धरून, काठी टेकवून, गोलंदाजाची वाट पाहत उभे राहते. हर्लिंगमध्ये बळकट हात वर असावा लागतो, कारण धावताना काठी त्या एकाच हातात असते आणि दुसरा हात चेंडू झेलायला मोकळा राहतो. मारण्याच्या क्षणी तो खाली येऊन जुळतो. हे समजावून सांगण्यात माझा एक रविवार पूर्ण वाया गेला. दुसऱ्या रविवारी मी बोलणे थांबवले, प्रत्येकाला डाव्या हातात एक मोज्याचा चेंडू दिला आणि म्हटले, चेंडू न टाकता काठी उचला. उजवा हात आपोआप वर गेला.

दुसरे काही आपोआप झाले ते विटी-दांडूमुळे. चेंडू आपल्याच हाताने किंचित वर उडवून काठीने मारायचा, ही हर्लिंगमधली मूळ गोष्ट आहे आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांना ती अवघड जाते. पण माझ्या वर्गात सावली तालुक्यातून आलेल्या एका कुटुंबातली दोन भावंडे आहेत, त्यांनी ती पहिल्याच दिवशी करून दाखवली. गावी ती विटी-दांडू खेळत होती. मी त्यांना वकट, लेंड, मूंड, नाल म्हणून दाखवले तेव्हा ती गोंधळली, कारण त्यांचे मोजणे वेगळे होते. शहरातल्या मराठी मुलांना तर यांतले एकही ठाऊक नव्हते. उडत्या वस्तूकडे डोळा आणि काठीच्या टोकाकडे मनगट ही विटी-दांडूची जोडी मात्र दोघांकडे पक्की होती.

काठ्यांसाठी मी आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेले. त्यांनी आणलेली हर्ली उलटसुलट करून पाहिली, पाठीवर अंगठा फिरवला आणि सांगितले, सोपे आहे. जुन्या दाराच्या सागवानी फळीतून त्यांनी हुबेहूब आकाराच्या सहा काठ्या कापून दिल्या, कडा घासल्या, मुठीला क्रिकेट बॅटचे रबर चढवले. दुसऱ्या रविवारी त्यांतल्या चार मोडल्या. चारही एकाच जागी, जिथे काठी वळते तिथे, आणि मोडही अशी स्वच्छ की जणू कोणी चिरून ठेवली होती. एक टोक उडून एका आईच्या पर्सवर पडले. सुदैवाने मुलाला लागले नाही, पण त्या दिवशी मी खेळ तिथेच थांबवला.

मोडके तुकडे घेऊन मी परत गेले तेव्हा सुतारकाका ओशाळले नाहीत, उत्सुक झाले. त्यांनी मूळ काठी उन्हात धरली आणि तिच्या रेषा मला दाखवल्या. मुठीपासून निघालेले लाकडाचे तंतू खाली येता येता काठीबरोबर वळत होते आणि चपट्या टोकापर्यंत अखंड जात होते. आयर्लंडमध्ये हर्ली अ‍ॅश नावाच्या झाडाच्या बुंध्याच्या तळातून काढतात, जिथे खोड मुळांकडे पसरू लागते. तिथे लाकडाचा धागा निसर्गतःच वळलेला असतो, म्हणून काठीचा वाक हा कापलेला नसून वाढलेला असतो. सरळ फळीतून वाकडा आकार कापला की वळणावर धागा तुटतो आणि तिथेच काठी मोडते. (त्या अ‍ॅश झाडांना २०१२ पासून तिकडे बुरशीचा रोग लागला आहे, आणि आता बांबूच्या व कृत्रिम काठ्याही निघाल्या आहेत.) सुतारकाका म्हणाले, पूर्वी नांगरासाठी बाभळीचा वाकच शोधून आणीत, फळी कोणी कापत नसे. पण बाभूळ लहान हाताला जड. शेवटी त्यांनी बारा मिलिमीटरचा प्लाय सुचवला, कारण त्यातले थर एकमेकांना आडवे असतात आणि चीर एका थरातून दुसऱ्यात सहज जात नाही. दिसायला त्या काठ्या कपाटाच्या दारासारख्या आहेत. कडांना चिकटपट्टी गुंडाळावी लागते, नाहीतर हाताला सल जाते. पण गेल्या पाच महिन्यांत एकही मोडलेली नाही. अर्थात आम्ही त्यांनी मऊ चेंडूच खेळतो. तिकडे २०१० पासून सर्व वयाच्या खेळाडूंना शिरस्त्राण सक्तीचे आहे आणि आमच्याकडे एकही शिरस्त्राण नाही, म्हणून आणलेले चार स्लिटर माझ्या कपाटात आहेत, आणि तिथेच राहतील.

आता खो-खोबद्दल लिहिले पाहिजे, कारण हे सगळे सांगण्याचे खरे कारण ते आहे. परत आल्यावर एका रविवारी मी माझ्याच वर्गात घड्याळ लावून बसले. सात वर्षांची एक मुलगी माझ्या पद्धतीप्रमाणे चौकोनात उकिडवी बसली होती, पाठ ताठ, हात जमिनीवर, अगदी शिकवल्याप्रमाणे. बावीस मिनिटांत तिला तीन वेळा खो मिळाला. तिन्ही वेळा ती उठून चार पावले धावली आणि दमलेल्या गोंधळलेल्या चेहऱ्याने दुसऱ्याला खो देऊन बसली. बाकी वेळ ती बोटाने मातीत रेघा काढत होती. मी त्या वयाच्या शेकडो मुलींना असे बसवले आहे, "लक्ष कुठे आहे?" म्हणून ओरडले आहे, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी दिवाळीनंतर यायच्या बंद झाल्या तेव्हा पालकांना खेळाची आवड नाही, असा निष्कर्ष काढला आहे. चपळ मुले टिकत, कारण खो त्यांनाच मिळे. ज्यांना चपळ व्हायचे होते ती बसून राहत.

खो-खोसारखा खेळ जगात क्वचितच असेल, आणि मी त्याचा एक नियमही बदलू इच्छित नाही, पण तो मोठ्यांसाठी. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी आता मी आठाऐवजी तीनच जणांना बसवते. एका मोठ्या पाटीच्या जागी मैदानात चार छोट्या पाट्या आखते. खांबाऐवजी शंकू ठेवते. बाद झालेले मूल बाहेर जात नाही, ते लगेच बसणाऱ्यांत सामील होते. दिशा बदलू नये हा नियम पहिली सहा महिने लावतच नाही, कारण त्या वयात डावे-उजवे कळण्यातच अर्धी बुद्धी खर्च होते. जुन्या मंडळींपैकी एकांनी मला स्पष्ट विचारले की हा खो-खो आहे की पकडापकडी. मी म्हटले, सध्या पकडापकडीच आहे. त्यांना ते आवडले नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर दहा वर्षांपूर्वी मलाही आवडले नसते.

गेलिक फुटबॉलचा भाग अधिक सहज जमला. मोठ्या पुरुषांच्या खेळात चेंडू जमिनीवरून थेट हाताने उचलता येत नाही, पायाने उचलून घ्यावा लागतो; महिलांच्या खेळात मात्र तो थेट उचलता येतो, आणि लहानांसाठी मी तोच नियम ठेवला. चार पावले, एक टप्पा, मुठीने शेजाऱ्याला दे, एवढाच खेळ. ‘चार पावले’ हा मुलांना फार आवडलेला भाग आहे. ती मोठ्याने मोजतात, आणि सकाळी साडेसात वाजता बारा मुले एकदम मोजू लागली की शेजारच्या इमारतीतले आजोबा गॅलरीत येऊन उभे राहतात.

पालकांचे प्रश्न मात्र आयर्लंडमध्ये नव्हते तसे आहेत. स्पर्धा कधी, प्रमाणपत्र मिळणार का, याचा शाळेत काही उपयोग होईल का. मी सांगते की यातले काही नाही. दोन मुले त्यावर क्रिकेटच्या अकादमीत गेली, आणि त्यांच्या पालकांना मी दोष देत नाही. उरलेल्या एकोणीस मुलांपैकी सतरा गेल्या रविवारी, फाफडा-जिलेबीची वेळ असूनही, हजर होती.

याच रविवारी नव्या काठ्यांची मापे घ्यायला सुतारकाका स्वतः मैदानावर आले. त्यांनी मुलांना भिंतीशी ओळीने उभे केले आणि पेन्सिलीने प्रत्येकाच्या कमरेच्या हाडाशी भिंतीवर खूण केली. डोक्याशी खूण होणार म्हणून टाचा उचलून उभी असलेली मुले हिरमुसली. एका सहा वर्षांच्या मुलाची आई पुढे येऊन म्हणाली, "काका, याची जरा मोठीच करा, वाढत्या अंगाचा आहे." मी काही बोलणार, तेवढ्यात सुतारकाकांनी पेन्सिल कानावर ठेवली, टेप गुंडाळला आणि मान हलवली. "ना बेन," ते म्हणाले, "आवता वरसे बीजी बनावी आपीश." पुढच्या वर्षी दुसरी बनवून देईन.